विमलाच्या पॉटात शिसं

“माझ्या टेबलावरसून शिशाचो एक कण जरी भायर गेलो, तर विमला कुबल नाव लावचंय नाय!”

हे वाक्य विमलाने सव्वीस जूनला सकाळी साडेनऊ वाजता, तेरा बायांच्या समोर, स्टुलावर उभी राहून म्हटलं. असली वाक्यं माणसाने बोलू नयेत. बोलायचीच झाली तर निदान नवऱ्याला आधी विचारून बोलावीत. विमलाने बाबूला काही विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने बाबूला काही विचारलं असेल, तर ते “बाजारातसून काय हाडलास?” एवढंच.

मालवणाहून धामापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, चार किलोमीटरवर एक जुनी काजूची शेड होती. निकेत सामंत नावाचा इंजिनियर पुण्यात पाच वर्षं नोकरी करून कंटाळला आणि गावी येऊन त्याने त्या शेडमध्ये कॉइल गुंडाळायचं युनिट टाकलं. काम सोपं. केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची, तिची टोकं वितळलेल्या सोल्डरात बुडवायची आणि माल पुण्याच्या कंपनीला पाठवायचा. पुण्याची कंपनी त्या कॉइल कसल्याशा डब्यात बसवून युरोपात विकायची. पुढे त्या डब्याचं काय होतं हे शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

ह्याच शेडमध्ये ह्याच चौदा बाया पूर्वी काजू फोडायच्या. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी उलते, काळी पडते आणि पोराच्या गालावरून हात फिरवायचीही लाज वाटते. दहा वर्षं ह्या बायांची बोटं कोळशासारखी होती. त्या दहा वर्षांत एक सरकारी माणूस, एक परदेशी पाहुणा, एक कुत्रंसुद्धा विचारायला आलं नाही, की बायांनो, ह्या तेलात असतं तरी काय?

२००६ साली मात्र पत्र आलं. चांगलं नऊ पानी! एक जुलैपासून युरोपात जाणाऱ्या मालात सहा विषारी वस्तू चालणार नाहीत. त्यात पहिलं शिसं. हजार भागांत एक भागापर्यंत माफ, त्यावर गेलं की माल परत. आजवर सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण असायचं. आता बिनशिशाचं वापरायचं. पत्राच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता, ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’. तिथे मालकाने स्वतःचं नाव लिहायचं असतं. निकेतने विमलाचं लिहिलं. जबाबदारीचा रकाना दिसला की मालक लोकांना स्त्रियांचा सन्मान सुचतो.

“विमलाकाकी, आजपासून तुम्ही कंप्लायन्स इनचार्ज.”

“म्हणजे काय करूचां?”

“शिसं आत येऊ द्यायचं नाही.”

“येवढांच? आमच्या खळ्यात मी दारुड्यांका पाय ठेवक देणंय नाय, शिसां काय घेवन बसलास!”

त्यावर मग स्टूल आलं, आणि वरचं वाक्य आलं.

निकेतने एक गोष्ट मात्र मनापासून केली. सोल्डर वितळवायचा नवाकोरा पॉट आणला. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा, पण बटण फिरवलं की पाहिजे तेवढाच ताप धरायचा, आणि धूर ओढून घ्यायला वर पंखा. विमला त्या पॉटाच्या इतकी प्रेमात पडली की वाडीत सुनेचं कौतुक व्हावं तसं पॉटाचं कौतुक सुरू झालं. “धूर नाय, राख नाय, भांडां कसां, आरसो!” समुद्रावरची सगळी वाडी आठवडाभर पॉट ऐकत होती.

मग निकेत म्हणाला, “काकी, जुन्या सोल्डरच्या ह्या अकरा कांड्या आधी शेडबाहेर काढा. यांत शिसं आहे.”

“खंय टाकू?”

“कुठेही टाका. शेडबाहेर.”

पत्रातही एवढंच होतं. मालात शिसं नको. ते विहिरीत गेलं, चुलीवर गेलं, पोराच्या पेजेत गेलं, तर त्यासाठी नऊ पानांत एकही रकाना नव्हता.

विमलाने कांड्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या. चांगली वस्तू फेकायची कशी? घरी बाबू होता. जुलै म्हणजे होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली आणि माणसं खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाळी दुरुस्त करत बसलेली. जाळ्याचा काठ पाण्यात खाली बसावा म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या ओवतात. बाबूने कांड्या बघितल्या आणि तो असा हसला, की लग्नाच्या फोटोतही तो तसा हसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा एक माणूस शेडमध्ये येऊन ट्रेनिंग देऊन गेला. पडद्यावर चित्रं दाखवून त्याने सांगितलं, की शिशाचा धूर पोरांच्या मेंदूत जातो, रक्तात जातो, हाडांत जातो. विमला ते सगळं डोक्यात भरून घरी आली, तर बाबू चुलीवर लोखंडी कढई ठेवून त्यात कांडी सोडत होता!

“काढा ती कढई! माझ्या चुलीर शिसां?”

“अगो, माझ्या बापाशीन जन्मभर ह्याच चुलीर वितळयल्यान.”

“म्हणानच तो तसो होतो! आनी तुमी असे!”

“मगे मी वितळवू खंय?”

“जंय वितळवची सोय आसा थंय वितळवा! माझ्या घरात नको!”

बाबू गरीब माणूस. त्याने कढई उतरवली. बायको काय बोलली ते मात्र त्याने शब्दाला शब्द लक्षात ठेवलं. बायकोचं बोलणं नवऱ्याने लक्षात ठेवलं की काय होतं, ते आता बघा.

पुढच्या सोमवारी विमलाने शेड उघडली तेव्हा पॉट नेहमीपेक्षा जास्तच चकचकीत दिसला. काठोकाठ भरलेलाही वाटला.

“तुळशे, शनवारी तूच पुसलंस मां गो?”

तुळसा विमलाच्या हाताखाली पॉट सांभाळायची. तिने शनिवारी पॉटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण आयतं कौतुक घरी चालून आलं तर त्याला दारातून हाकलायचं कशाला?

“व्हय तर! वायच राख लावलंय आनी घासलंय.”

“बघा गो! शिका काय्यतरी तिच्याकडसून!”

दोन दिवसांत सहाशे कॉइल झाल्या. त्यातल्या पाच तपासणीसाठी पुण्याला गेल्या. आठवड्याने फॅक्स आला. निकेतने तो वाचला, परत वाचला, उलटा धरून वाचला. मग खुर्चीत बसला, तो खुर्ची आहे की नाही हे न बघताच. सुदैवाने होती.

“काकी, हजारात एक चालतं.”

“ठावक आसा. आपल्यात किती?”

“एकतीस.”

पुण्याने पुढे तीन ओळी लिहिल्या होत्या. गुरुवारी तपासनीस येतील. शिसं कुठून आलं ते सापडलं तर सुधारणेची संधी मिळेल. सापडलं नाही तर काम दुसऱ्या युनिटला जाईल. तिन्ही ओळींत ‘कृपया’ होतं. गळ्यावर सुरी ठेवताना ही माणसं कृपया म्हणायला विसरत नाहीत.

काम गेलं तर शेडचं काय होणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. काजूवाला जूनमध्येच शेड मोकळी होते का म्हणून विचारून गेला होता. तुळसाने दोन्ही हात पुढे केले आणि उलटसुलट करून बघितले.

“आत्ता खंय माजी बोटां माणसासारखी दिसाक लागली. परत थंय जावचां?”

विमलाने पदर खोचला. आता शिसं शोधायचं! हातात तीन दिवस होते.

पहिला संशय कुंकवावर गेला. कुंकवात शिसं असतं असं शेडमधल्या शेवंतीच्या भावाने कुठेतरी वाचलं होतं. विमलाने फर्मान काढलं, “सगळ्यांनी कपाळ पुसा!” शेवंती, तीस वर्षं नवऱ्याच्या नावाने खडे फोडणारी बाई, एकदम पतिव्रता झाली. “माजो घोव जितो आसताना मी कपाळ पुसू? तुका कॉइल मोठी झाली काय गो?” शेवटी मालवणच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आली, तेव्हा तह झाला.

दुसरा संशय चहाच्या टोपावर. पितळेचा टोप, आत कल्हई, कल्हईत शिसं असू शकतं! टोप बाहेर फेकला. दुसरं भांडं मिळेपर्यंत दीड दिवस चहा बंद. चौदा बाया, चहा नाही! एखाद्या राज्यात एवढ्यावर क्रांती झाली असती.

तिसरा संशय दारावर. काजूच्या काळातला हिरवा ऑइलपेंट. जुन्या रंगात शिसं असायचं हे निकेतनेच सांगितलं, आणि सांगून तो फोनवर बोलायला बाहेर गेला. परत येतो तर विमला आणि चार बाया चाकूने दार खरवडतायत! हिरवा भुगा टेबलांवर, तारांच्या रिळांवर, बायांच्या केसांत, निकेतच्या उघड्या डब्यातल्या उसळीवर!

“अहो काकी! दारात होतं तेव्हा ते दारात होतं! आता ते सगळीकडे झालं!”

मग बुधवारचा उरलेला दिवस शेड धुण्यात गेला. सापडलं काहीच नाही. पॉटात कुणी काही टाकलं असेल, असं विमलाच्या मनातही आलं नाही. किल्ली तिच्याच घरी, दाराआडच्या खिळ्याला. ती कोण नेणार?

संध्याकाळी ती घरी आली. खळ्यात बाबू आणि शेजारचा बाबली जाळं पसरून बसले होते. काठाला नव्या गोळ्या. एकसारख्या, गोल, गुळगुळीत. तीस वर्षांत बाबूच्या हातून इतकी गोल गोळी एकही झाली नव्हती. त्याच्या गोळ्या म्हणजे उंदराने कुरतडलेल्या सुपाऱ्या.

विमला जागच्या जागी थांबली.

“ह्यो गुळयो कोणी केल्यो?”

“मी!” बाबू म्हणाला. “बघ, कश्यो मोत्यांसारख्यो!”

“खंय?”

“तुज्या पॉटात.”

बाजूच्या माडावर एक कावळा ओरडत होता. तोही थांबला.

“माज्या पॉटात?”

“तूच म्हणालंस ना, जंय सोय आसा थंय वितळवा. गेल्याच्या आदल्या आयतवारी मी चावी घेतलंय, बाबलीन टेम्पो काढल्यान, आनी वाडीतले आनी सा जण. सगळ्यांचीच जाळी दुरुस्तीक आसत. काय पॉट गो तुजो! धूर नाय, राख नाय. तू म्हणतंस तसोच.”

“आनी माजां कथील?”

“तां पयलां टोपात काढून ठेयलंव. मगे आमचां काम केलंव. मगे पॉट राखेन घासलंव, कापडान पुसलंव, आनी तुजां होतां तसां परत घातलंव. एक थेंब कमी नाय. देवाशपथ!”

विमलाचा जीव जरा खाली आला. “म्हणजे माज्या कथलात तुमचां शिसां नाय?”

“छ्या! आमी चोर की काय?”

“मगे एकतीस कशे इले?” ती स्वतःशीच पुटपुटली.

“आता, भांडां परत देताना जां काय घातलंव तां सोडून दी,” बाबू म्हणाला.

“काय घातलास?”

उत्तर बाबलीने दिलं. तो ह्या बाबतीत वाडीतला शास्त्री. “वैनी, दुसऱ्याचां भांडां रिकामां परत देवचां नसता. तुमी आमच्याकडे कढयेचो टोप धाडतास, आमी तेच्यात दोन बांगडे घालून परत धाडतंव. धाडतंव की नाय? तुमच्या पॉटान आमची जाळी उभी केल्यान. मगे तेका रिकामो कसो ठेवतले? म्हणान आठ जणांनी एकेक तुकडो घातलो.”

“कसलो तुकडो?”

“शिशाचो! निवडून, बरो, साफ. माजो सगळ्यात मोठो होतो.”

विमला पायरीवर बसली. कालच तिने शेजारच्या जानकीचं ताट परत करताना त्यात चार घावणे घातले होते. ताट रिकामं गेलं असतं तर तिला स्वतःलाच रात्रभर झोप लागली नसती. आता ह्या आठ गाढवांना काय म्हणून शिव्या द्यायच्या?

तरी तिने दिल्या. पण त्यांत जोर नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने निकेतला सगळं सांगितलं. निकेतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग एक कागद पुढे सरकवला. त्याने रात्रीच एक कारण टाइप करून ठेवलं होतं: ‘कथील पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून भेसळ झाल्याची शक्यता.’

“काकी, हेच सांगू. कुबलांची जाळी, बांगडे, टोप... हे पुण्यात कोण ऐकून घेईल? सगळे हसतील, आणि काम काढून घेतील.”

“आनी तो व्यापारी?”

“तो मोठा आहे. त्याला काही होत नाही.”

“मोठ्याक होवचां नाय. तेच्याकडे पॉट ढवळणाऱ्या बाईक होतलां.” विमलाने कागद परत सरकवला. “आनी तेका पण विचारतले. तेच्याकडे कथलात शिसां नाय असो शिक्क्याचो कागद आसा. आपल्या पॉटात बाबलीचो तुकडो आसा. तपासणीचां यंत्र कोणाचां ऐकतलां?”

यंत्र घेऊन आल्या त्या संजना मॅडम. वय तिशीच्या आतलं, बूट चिखलात, हातात पिस्तुलासारखं यंत्र. ते मालावर टेकवलं की आत काय आहे ते पडद्यावर दिसायचं. त्यांनी ते पॉटावर धरलं. यंत्र किंचाळलं. मग त्यांनी कागद काढला आणि विमलाला समोर बसवलं. त्यांच्या कंपनीची एक पद्धत होती. पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण बाहेर येतं.

विमला सावरून बसली आणि हापिसातल्या भाषेत बोलू लागली.

“मालात शिसं का आलं?”

“पॉटात होतं म्हणून.”

“पॉटात का आलं?”

“आमच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी टाकलं म्हणून.”

मॅडमनी मान वर केली. “का टाकलं?”

“दुसऱ्याचं भांडं वापरलं की रिकामं परत देत नाहीत म्हणून.”

मॅडमचं पेन थांबलं. निकेत खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

“त्यांनी हे भांडं का वापरलं?”

“घरी वितळवायला बंदी केली होती म्हणून.”

“बंदी का केली?”

“बंदी मी केली. तुमच्याच माणसाने ट्रेनिंगमध्ये सांगितलं, शिशाचा धूर वाईट. मी ऐकलं. हीच माझी चूक.”

पाच झाले. मॅडमनी कागदाकडे पाहिलं. मूळ कारणाच्या रकान्यापुढे लिहायला एकच गोष्ट शिल्लक राहिली होती: कंपनीचं स्वतःचं ट्रेनिंग. आणि दोष काय, तर ते नीट पटलं! असलं मूळ कारण त्या पद्धतीतून आजवर निघालं नसावं.

“खोटं सांगायला सोपं होतं तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या.

“होतं,” विमला म्हणाली, आणि मग हापिसातली भाषा तिच्या हातातून सुटली. “पण बाये, पुन्हा पुन्हा तांच सांगूचां पडलां असतां. खऱ्याचां एक बरां, एकदाच सांगूचां लागता.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ट्रेनिंगचं गाळलं आणि सगळं होतं तसं लिहून घेतलं. कारण सापडलं होतं. काम राहिलं. त्या सहाशे कॉइलची टोकं कापून, आणखी एक नवा पॉट आणून त्यात, चौदा बायांनी चार दिवसांत पुन्हा केली. नमुने गेले, आकडा हजारात एकाच्या खाली आला. चहा सुरू झाला. विमला इनचार्जच राहिली, कारण नाव बदलायचा फॉर्म तीन पानी होता आणि निकेतला भरायचा कंटाळा होता.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कागद इथे संपत नाहीत.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी खात्याने मॅडमचा अहवाल वाचला. त्यांच्या नियमात होतं, की मालात जो कोणी काहीही घालतो तो पुरवठादार, आणि प्रत्येक पुरवठादाराची नोंद पाहिजे. अहवालात आठ जणांनी धातू घातल्याचं लिहिलं होतं. मग आठ फॉर्म आले!

विमला ते घेऊन वाडीत फिरली. बाबलीने ‘व्यवसायाचा अनुभव’ समोर ‘आजोबांपासून’ लिहिलं. बाबूने ‘कामगारांची संख्या’ समोर ‘एक, बायल’ लिहिलं आणि विमलाने ते पेनाने भोक पडेपर्यंत खोडलं. आम्ही ह्यापुढे मालात शिसं पुरवणार नाही, ह्या ओळीखाली आठ जणांनी सह्या केल्या. दोघांनी अंगठे. पुण्यात ते कागद फायलीला लागले आणि वाडीत सगळे विसरले.

पुणं विसरलं नव्हतं. दिवाळीच्या आधी शेडमध्ये एक जाड पाकीट आलं. दर सहा महिन्यांनी पुरवठादारांची परीक्षा होते म्हणे, तिचा निकाल. निकेतच्या युनिटला ‘क’. शेरा: एकदा माल नापास, सुधारणेस वाव.

खाली वाडीतली आठ नावं, पहिलं बाबू कुबल, जाळीवाले. ‘अ’. सहा महिन्यांत एकही तक्रार नाही, एकदाही उशीर नाही, एकदाही भाववाढ नाही. सोबत सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र, आणि पुण्यातल्या पुरवठादार मेळाव्याचं आमंत्रण, जेवणासह.

बाबूने ते प्रशस्तिपत्र देवघराशेजारी लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मग चुलीपाशी येऊन, हात मागे बांधून उभा राहिला.

“बघलंस? अ! तुमका क, माका अ.”

विमलाने भाकरी उलटली.

“तुमका अ येतलोच. काय्येक पुरवलां नाय, तर तक्रार खंयसून येतली?”